तिटेची जागा

इंदुमती घोडकेला जखम बघून कुत्र्याची उंची सांगता यायची. पोटरीला चावा म्हणजे मागून आलेलं गल्लीतलं मध्यम कुत्रं. मांडीला चावा म्हणजे माणूस पळत सुटलेला. हाताला चावा म्हणजे त्याने आधी दगड उचललेला, हे ती तोंडावर सांगायची आणि पेशंट खाली बघायचा. महापालिकेच्या सुतारमाळ दवाखान्यात कुत्रं चावल्यावरची इंजेक्शनं आणि ड्रेसिंग हे एकोणीस वर्षं तिचंच खातं होतं. कुणी जखमेत मिरचीपूड भरून यायचा, कुणी चुना, एकाने तर मोटारीचं ग्रीस लावलं होतं. इंदू आधी त्यांची खरडपट्टी काढायची आणि मग घड्याळ लावून पंधरा मिनिटं नळाखाली साबणाने जखम धुवायची.

दोन हजार छत्तीस साल उजाडेपर्यंत तिच्या बाकड्यासमोरची रांग रस्त्यावर गेली होती. दिवसाला शंभर-सव्वाशे माणसं. शहरात दोन तट पडले होते. एक तट कुत्र्यांना दूधभात घालायचा, दुसरा विषाचे गोळे टाकायचा, आणि दोन्ही तटांतली माणसं चावून घेऊन इंदूच्याच बाकड्यावर येऊन बसायची. तिथेही भांडायची. एका म्हातारीला आठ कुत्र्यांनी बाजाराच्या रस्त्यावर फाडलं, तेव्हा महापालिकेवर मोर्चा गेला आणि काचा फुटल्या.

मग ‘अभय’ आलं.

शोध तसा साधा होता. पिल्लं झाली की कुत्रीच्या आचळांमधल्या कातडीतून एक वास सुटतो. माणसाच्या नाकाला तो कळतही नाही. डोळे न उघडलेलं पिल्लू त्या वासामागे सरपटत जातं, कारण तिथे दूध असतं, ऊब असते आणि भीती नसते. कुत्रं म्हातारं झालं तरी तो वास विसरत नाही. एवढं जुन्या लोकांनाही ठाऊक होतं. एका प्रयोगशाळेने त्या वासाचा रेणू हुबेहूब बनवला, त्याला शंभरपट तीव्र केला आणि रचनेत असा फेरफार केला की तो माणसाच्या त्वचेवरच्या तेलाला घट्ट धरून बसावा. साबणपाण्याने आठवडाभर निघू नये. दोन थेंब मनगटांवर, दोन मानेवर, दोन घोट्यांवर. एवढं लावून माणूस रस्त्यावर उतरला की अंगावर आलेलं कुत्रं जागीच थबकायचं. डोळ्यांना माणूस दिसायचा, पण नाकाला आई भेटायची. ते कान पाडायचं, पोट जमिनीला टेकवायचं आणि कुईंकुईं करत पायाशी यायचं.

महापालिकेने हिरव्या झाकणाच्या बाटल्या घरोघरी फुकट वाटल्या. दीड महिन्यात इंदूचं बाकडं ओस पडलं. तिला इतकं बरं वाटलं, की एके दिवशी दुपारी ती त्याच बाकड्यावर डुलकी काढत बसली.

तान्ह्या मुलांचं तेवढं जमत नव्हतं. बाळाला रोज तेल लावून, डाळीचं पीठ चोळून न्हाऊ घालतात, त्यात अभय सगळं निघून जायचं. लसीकरणाला आलेल्या आया तक्रार करू लागल्या. तेव्हा इंदू सहज बोलून गेली.

“तीट लावता ना काजळाची? कानामागं, गालावर, तळपायाला? तिथंच लावा, काजळातच कालवून. आंघोळ झाली की तीट लावायला कुठली आई विसरती का?”

आयांना ते एकदम पटलं. दृष्ट लागू नये आणि कुत्रं चावू नये, दोन्ही कामं एका बोटात. आठवडाभरात सुतारमाळभर आणि महिन्याभरात शहरभर तान्ह्या मुलांच्या कानामागे अभयची तीट लागू लागली. आरोग्य खात्याने मोठाले फलक छापले, त्यावर पांढऱ्या साडीतली हसरी इंदू आणि खाली ‘इंदूमावशी सांगतात’. रस्त्याने जाताना लोक तिला ओळखू लागले. तिला ते आवडायचं, खोटं कशाला बोला. तिची एकुलती एक मुलगी रेवती बाळंत झाली, तेव्हा बाराव्या दिवशी नातीच्या कानामागे ती तीट इंदूने स्वतःच्या करंगळीने लावली. नातीचं नाव मनवा ठेवलं.

वर्षभर शहर निर्धास्त झोपलं. आणि निर्धास्त झालेल्या माणसाच्या हाताला काहीतरी चाळा लागतोच.

वसंत पतकी हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ इंदूचे जुने पेशंट. तीनदा चावून घेतलेलं. एके दिवशी सकाळी कामावर जाताना ती बघते, तर पतकीसाहेब क्रिकेटच्या स्टंपने एक तांबडं कुत्रं बडवत होते. कुत्रं पळत नव्हतं. मार बसला की केकाटायचं आणि पुन्हा सरपटत त्यांच्याच पायाशी जायचं, बूट चाटायचं. त्याचा एक डोळा बाहेर आला होता. पतकींना घाम फुटला होता आणि चेहऱ्यावर समाधान होतं. इंदूने त्यांना हटकलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “तीस वर्षं भिऊन चाललो या रस्त्यानं, सिस्टर. आता त्यांनी भ्यायचं.”

तसे पतकी गल्लोगल्ली होते. मुलगे शेपटीला धरून कुत्री गरागरा फिरवायचे, दुकानदार पायावर उकळतं पाणी ओतायचे. ज्याने आयुष्यात झुरळ मारलं नव्हतं तोही येताजाता लाथ घालून बघायचा, कारण उलटून काही होत नव्हतं. इंदूनेही एकदा छत्रीचा दांडा एका कुत्रीच्या बरगड्यांत हाणला होता. काहीएक कारण नसताना. हाणल्यावर तिच्या हाताला जे वाटलं ते तिने कुणालाही सांगितलं नाही, कारण ते चांगलं वाटलं होतं.

या सगळ्यातून पुढे काय होणार, हे पहिल्यांदा दिसलं ते दवाखान्यामागच्या सिमेंटच्या फुटक्या पाइपात. तिथे एक कुत्री व्याली होती. भर दुपारी सहा कुत्री आली आणि त्यांनी तिला बाहेर ओढून फाडली. भांडण नव्हतं, भूक नव्हती. मांसाला कुणी तोंडही लावलं नाही. आचळांच्या जागी नुसता लगदा उरला, आणि तिला पिऊन तिच्या वासाने माखलेली पाच पिल्लं एकेक करून चिरडली गेली. इंदू खिडकीचे गज धरून बघत राहिली. 

मेलेली कुत्री उचलायला महापालिकेच्या श्वान केंद्राचे डॉक्टर फिरोज मुजावर आले. वीस वर्षं शहरातली कुत्री पकडून, नसबंदी करून परत सोडणारा हा माणूस कमी बोलायचा. त्या दिवशी मात्र पायरीवर बसून बोलला. आठवड्यातली ही अकरावी व्यालेली कुत्री, तो म्हणाला. मग त्याने जे समजावलं ते असं. घंटा वाजवून रोज खायला घातलं तर कुत्र्याच्या तोंडाला घंटेनेच पाणी सुटतं. तसंच घंटा वाजवून रोज मारलं, तर घंटा म्हणजेच मार होतो. शहराने वर्षभर एक वास लावून कुत्र्यांना मारलं. तो वास आता त्यांच्या डोक्यात आई राहिला नव्हता. उकळतं पाणी, स्टंप, लाथ हे सगळं त्या वासात जाऊन बसलं होतं. एकटं कुत्रं अजून त्या वासापुढे लोळण घेईल, पण सात-आठ जमली की तीच भीती दातांत उतरते, आणि वास जिथून येतो तिथेच ती तोडतात.

“सिस्टर, माणसाला चावतील तेव्हा पायाला चावणार नाहीत,” मुजावर म्हणाला.

त्या बुधवारी इंदूच्या बाकड्यावर पुन्हा माणसं आली. भाजीवाली सुगंधा, दोन्ही मनगटं चिंधड्या झालेली. एक रिक्षावाला, मान मागून उघडी पडलेली, आतलं पांढरं दिसत होतं. पोटरीला एकही चावा नाही. दुपारी एक बाई पदरात दीड वर्षाचं पोर गुंडाळून धावत आली. इंदूने पदर बाजूला केला. डावा कान अर्धा गेला होता आणि चाव्याच्या कडेला काजळ पसरलं होतं.

इंदूने घड्याळ लावलं आणि पोराला नळाखाली धरलं. पोर वाचलं. पण ते नळाखाली किंचाळत असताना इंदूला शहरातली सगळी तान्ही मुलं डोळ्यांसमोर दिसत होती, आणि प्रत्येकाच्या कानामागे तिचं बोट होतं.

गुरुवारी सकाळी ती आणि मुजावर आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेले. अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला. कंपनीकडून अहवाल मागवू, पंधरा दिवस लागतील, तोवर घबराट पसरवू नका, असं म्हणाले. मुजावरचा आवाज चढला तेव्हा त्यांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि इंदूकडे वळले.

“फलकावर कंपनीचं नाव बारीक आहे, बाई. फोटो तुमचा मोठा आहे. लोकांना कळलं तर लोक कुणाच्या दारात येतील, याचा विचार करा.”

इंदूने विचार केला. पतकी तिच्या डोळ्यांपुढे आले, तो स्टंप, ते समाधान.  बाहेर येऊन तिने मुजावरला सांगितलं, की पंधरा दिवस थांबू. मुजावर थांबला नाही. मग तो एकटाच वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला. कुत्रेवाल्या डॉक्टरला कुत्र्यांचाच कळवळा, असं म्हणून तिथून त्याला वाटेला लावलं.

आणि संध्याकाळी इंदू रेवतीच्या घरी गेली. मनवाला मांडीवर घेतलं, गोडं तेल चोळलं, वर डाळीचं पीठ. कानामागे, गालावर, तळपायाला. तीन वेळा. रेवती न्हाणीच्या दारात उभी राहून विचारत होती, की अगं, झालं काय. इंदूने सांगितलं. रेवती घाबरली, तिने स्वतःच्या मनगटांना, मानेला, घोट्यांनाही तेल-पीठ चोळलं आणि मग सरळ प्रश्न विचारला.

“आई, बाकीच्यांना सांगितलंस?”

“शनिवारी लसीकरणाचा कॅम्प आहे. तिथं सगळ्या येतील. एकेकीला तोंडी सांगते, म्हणजे बोभाटा होणार नाही.”

रेवतीला ते पटलं नाही, पण आईपुढे तिने वाद घातला नाही. शुक्रवार गेला. शुक्रवारी दोन मुलं आली, दोघांनाही कानामागे चावा. इंदूने दोघांच्याही आयांना एवढंच सांगितलं, की काही दिवस तीट लावू नका. का, ते सांगितलं नाही.

शनिवारी महापालिकेच्या शाळेच्या व्हरांड्यात पन्नासेक आया मुलं घेऊन बसल्या होत्या. रेवतीही मनवाला गोवराच्या डोससाठी घेऊन आली होती. तिच्या शेजारी शीतल वाघमोडे होती, गवंड्याची बायको, मांडीवर दहा महिन्यांचा राजवीर. इंदूने पिशवीत तेलाचा डबा आणि डाळीचं पीठ आणलं होतं. पण नऊ वाजता आरोग्य अधिकाऱ्यांचा निरोप आला, की ते अकराला फोटोसाठी येणार आहेत. सोबत वाटायला अभयची दहा खोकीही आली. साहेब जाऊ देत, मग सांगू, असं इंदूने ठरवलं. ती टोचत राहिली. तिच्या पाठीमागे शिपायाने खोकी फोडली, दोन बाटल्या फरशीवर फुटल्या, आणि वारा शाळेच्या मागच्या मैदानाकडे वाहत होता. गल्ल्यांतून मारून हाकललेली कुत्री महिन्याभरापासून तिथेच गोळा झाली होती.

कुत्री आली ती भुंकत आली नाहीत. म्हणूनच कुणाचं लक्ष गेलं नाही. मैदानाकडची भिंत ओलांडून तीस-चाळीस कुत्री माना खाली घालून चालत आली. कुणाचा पाय मोडलेला, कुणाची कातडी भाजून सोललेली, एक तांबडं एका डोळ्याचं. व्हरांड्याच्या पायरीशी येऊन ती पोटावर बसली आणि पिल्लांसारखी कुईंकुईं करू लागली. एक बाई कौतुकाने हसली.

मग त्यांनी झेप घेतली.

पहिल्या ओळीतल्या बाईच्या हातातलं पोर वाचलं, कारण तिने ते छातीखाली घेऊन स्वतःला पालथं टाकलं. तिच्या मानेचा लचका गेला. शिपाई काठी घेऊन धावला. त्याच्या दोन्ही मनगटांना दोन कुत्री लटकली आणि काठी खाली पडली. एकच किंकाळी उठली आणि ती थांबेना. बाया खोलीच्या दाराकडे धावल्या, दार एकच, त्यात चेंगराचेंगरी झाली. फरशी रक्ताने निसरडी झाली होती, पडलेलीला उठता येत नव्हतं. एक मोठं काळं कुत्रं रेवतीवर चढलं. तिने मनवाला घट्ट आवळलं. कुत्र्याने मनवाच्या कानामागे नाक लावलं, हुंगलं, आणि मान वळवली. शेजारी शीतल होती. राजवीरच्या गालावर ठसठशीत काळी तीट होती.

इंदूने ते सगळं पाहिलं. शीतल कुत्र्याच्या जबड्यात दोन्ही हात घालून ओढत होती, आवाज न करता. इंदूने खोकं उचललं. बाटल्या टेबलाच्या कडेवर आपटून फोडल्या आणि डोक्यावर, छातीवर, साडीवर ओतल्या, एक, दोन, सहा, काचेसकट. आणि पायऱ्या उतरून मैदानाकडे धावत सुटली.

कुत्र्यांनी सगळं सोडलं. व्हरांडा क्षणात रिकामा झाला आणि सगळी तिच्या मागे लागली. पन्नाशीची बाई कितीशी धावणार. पाण्याच्या टाकीपर्यंत पोचली आणि पडली. त्या तांबड्या कुत्र्याने आधी तिचा हात चाटला. त्याचं सर्वांग कापत होतं. मग त्याने तिची दोन बोटं तोडली. नंतरचं तिला तुकड्यातुकड्यांनीच कळलं. कान गेला तेव्हा दुखलं नाही, फक्त आवाज आला. खांद्यात दात रुतून हाडावर घासले. माणसं पहारी घेऊन आली आणि तिच्या अंगावरच कुत्र्यांची डोकी फोडू लागली. कुणाचं रक्त कुणाचं, काही समजत नव्हतं. ज्यांनी पहारी धरल्या होत्या त्यांच्याही मनगटांना अभय होतं. दोघे तिच्या शेजारीच कोसळले. मुजावर गाडी घेऊन आला, तेव्हा त्याने आधी, दुसऱ्यांच्या हातांचा वास लागला असेल म्हणून, अंगातला शर्ट काढून फेकला, मग पुढे झाला. त्याने मात्र आयुष्यात कधी अभय लावलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस शहराने कुत्री मारली. पहारींनी, विषाने, पेटत्या टायरांनी. मुजावरच्या केंद्रालाही आग लावली, आतल्या साठ कुत्र्यांसकट. इंदू हे सगळं सरकारी रुग्णालयाच्या खाटेवर पडून ऐकत होती. आपल्याच जखमांभोवती इंजेक्शनांच्या सुया घुसताना तिला पहिल्यांदा कळलं, की एकोणीस वर्षं लोक तिच्या बाकड्यावर का ओरडत होते. सात मुलं जखमी झाली होती. राजवीर अँब्युलन्समध्येच दगावला.

अहवाल पंधरा दिवसांच्या आतच आला आणि बाटल्या परत घेतल्या गेल्या. आरोग्य अधिकारी पुष्पगुच्छ घेऊन आले. नवीन फलक लागले होते, त्यावर बँडेजमधली इंदू. तिच्या धाडसाचं कौतुक सगळीकडे चाललं होतं. चाळीस मुलांचे प्राण वाचवले, असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. तीट कुणी सांगितली होती हे बहुतेकांना आठवत होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

बाराव्या दिवशी, दुपारी, शीतल वाघमोडे आली. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. रेवती मनवाला घेऊन खाटेशी बसली होती. ती उठून उभी राहिली. शीतलने तिच्याकडे पाहिलं नाही. ती मनवाकडे बघत होती, तिच्या गोऱ्या, स्वच्छ कानाकडे.

“तुमी आमच्यासाठी अंगावर घेतलंसा. न्हाई म्हणत न्हाई मी. लोकं पाया पडा म्हणाली तुमच्या, म्हणून आले,” शीतल म्हणाली. “पर ते काळं कुत्रं आधी हिच्यावर आल्तं. हुंगलं आणि सोडून दिलं. मी बघितलं. रोज रात्री तेच बघालीया.”

ती मनवाच्या कानाजवळ वाकली.

“हिचं तुमी धुतलं होतं. व्हय ना?”

इंदूने मान हलवली.

“कधी?”

शनिवारी सकाळी, कॅम्पाला निघताना धुतलं, असं म्हणणं अगदी सोपं होतं. रेवतीने तेच म्हणायला तोंड उघडलं. इंदूने उरलेल्या तीन बोटांनी तिचा हात धरून तिला थांबवलं.

“गुरुवारी,” ती म्हणाली.

शीतलने ऐकलं. बांधलेले हात मांडीवर ठेवून ती खाटेच्या कडेला बसली. रेवतीच्या कडेवरून मनवा आजीकडे झेपावत होती. इंदूने तिला घेतलं नाही.